करडा कोट करील तसं

"येत्या रविवारी एक जरी नवीन माणूस चुकीच्या वेळी उभा राहिला, तर मी माझं नाव लावणार नाही!"

ठमीच्या आईने भांडी विसळता विसळता ही प्रतिज्ञा केली, तेव्हा स्वयंपाकघरात साक्षीला तिघं होते. सासूबाई, नवरा आणि टेबलाखाली बसून चमचा चाटणारी दोन वर्षांची ठमी.

"मग कुणाचं लावशील?" नवऱ्याने चष्मा पुसत विचारलं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे घरातही त्याचे हात सतत काहीतरी पुसत असत. भांडी सोडून.

"अहो, थट्टा नकोय. बिशपसाहेब येणार आहेत!"

आता प्रकरण काय होतं ते आधी सांगायला हवं.

गावाच्या या टोकाला सात महिन्यांपूर्वी एक अँग्लिकन ख्रिस्ती मंडळी सुरू झाली होती. मंडळी म्हणजे किती? मोठी माणसं एकोणीस, पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, एक आणि की-बोर्ड एक, त्यातही दोन बटणं मुकी. जागा भाड्याची. एका ड्रायव्हिंग स्कूलचा पहिल्या मजल्यावरचा वर्ग रविवारी सकाळी त्यांना मिळायचा. मास्तरांच्या टेबलावर कापून उघडं केलेलं एक इंजिन कायमचं ठोकलेलं होतं. ते हलवता येत नसे. म्हणून त्याच्या पुढ्यात दुसरं टेबल लावून, पांढरंशुभ्र कापड घालून त्याची वेदी करत. मागच्या भिंतीवर रहदारीच्या खुणा होत्या. पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले की त्यांच्या डोक्यावर बरोब्बर 'हॉर्न वाजवू नका'ची खूण यायची, लाल रेघ मारलेल्या कर्ण्याची.

आणि ज्यांनी अँग्लिकन उपासना पाहिलेली नाही, त्यांना एक गोष्ट ठाऊक असणं शक्य नाही. या उपासनेत माणूस एका जागी स्वस्थ बसत नाही! गीत लागलं की उभं राहायचं. धडा वाचला की बसायचं. शुभवर्तमान वाचलं की पुन्हा उभं. उपदेशाला बसायचं. विश्वास कबूल करायचा तर उभं राहून, पाप कबूल करायचं तर गुडघे टेकून. मध्येच पाळक एक वाक्य म्हणतात आणि त्याचं ठरलेलं उत्तर सगळ्यांनी एका सुरात द्यायचं असतं. जन्मापासून हे करणाऱ्याला त्यात इतकी गोडी वाटते, की पुस्तक मिटलेलं असलं तरी अंग आपोआप उठतं, वाकतं, बसतं. पण पहिल्यांदा येणाऱ्याचं काय? ठमीची आई संख्याशास्त्राची पदवीधर. तिने एका रविवारी मोजलं. उठणं अकरा, बसणं नऊ, गुडघे टेकणं पाच. एकूण पंचवीस हालचाली, आणि एकही आधी कुणी सांगत नाही!

मागच्या महिन्यात एक नवीन जोडपं आलं होतं. सगळे बसले तेव्हा ते उभे. सगळे उभे राहिले तेव्हा ते गुडघ्यांवर. शेवटी दोघं एकमेकांना धरून असे बाहेर पडले, जसे काही बुडत्या होडीतून उतरले. पुन्हा फिरकले नाहीत.

आणि आता बिशपसाहेबांचं पत्र आलं होतं. ते स्वतः येऊन बघणार. तीस मोठी माणसं असतील आणि उपासना नीट होत असेल, तर मंडळी कायमची. नसेल तर कुलूप, आणि सगळ्यांनी परत गावातल्या मोठ्या चर्चमध्ये जायचं.

मोठं चर्च! हे दोन शब्द ठमीच्या आईला ऐकवत नसत. कारण त्या चर्चमध्ये शिस्त सांभाळणारे एक वॉर्डनकाका होते, आणि वॉर्डनकाकांना एक बोट होतं. ठमीने तोंड उघडून पहिला 'ऊं' केला रे केला, की ते बोट हवेत उठे आणि दरवाजाकडे वळे. बोलणं नाही, चालणं नाही, नुसतं बोट! दीड वर्ष ठमीच्या आईने उपासना ऐकली ती पोर्चमध्ये, ओल्या छत्र्या आणि दुसऱ्यांच्या सायकली यांच्या संगतीत. उपदेशातलं तिला 'म्हणून प्रिय जनहो' एवढंच ऐकू यायचं. का म्हणून, ते कधीच कळलं नाही. इथे, इंजिनाच्या शेजारी, तिला आत बसता येत होतं. ती खुर्ची ती सुखासुखी सोडणार नव्हती.

म्हणून तिने नवीन लोकांसाठी पुस्तिका लिहिली. अकरा पानी! चार रंगांत! उभं राहायचं ते हिरवं, बसायचं ते निळं, गुडघे टेकायचे ते जांभळं, उत्तर द्यायचं ते लाल. शेवटी दोन परिशिष्टं.

पाळकसाहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली. "सुंदर आहे हो वहिनी," ते म्हणाले. "फक्त... परीक्षा कधी आहे?"

सासूबाईंनी तर पहिल्या पानावरच हात टेकले. "सूनबाई, मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा माझ्या हातात कुणी चोपडी दिली नव्हती. चर्चमध्ये सासूच्या मागे बसले. ती उठली, मी उठले. ती बसली, मी बसले. ती शिंकली तेव्हा मीसुद्धा रुमाल काढला. तीन रविवारांत शिकले!"

ठमीच्या आईच्या हातातला चमचा थांबला. "आई! तुम्ही ग्रेट आहात!"

"ते मी तुझ्या सासऱ्यांना चाळीस वर्षं सांगत होते," सासूबाई म्हणाल्या.

तर अकरा पानं गेली आणि त्यांच्या जागी आलं एक कार्ड. त्यावर एकच ओळ. 'पहिल्या रांगेत करड्या कोटातले आजोबा बसतात. ते करतील तसं करा. इकडेतिकडे बघू नका.'

करडा कोट म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. साठ वर्षं एकही रविवार चुकवलेला नाही. ऐकू जरा कमी, उजव्या कानात मशीन. पण उपासना अशी पाठ, की झोपेतून उठवून विचारलं तर आधी उभे राहतील आणि मग डोळे उघडतील. त्यांच्यापेक्षा भरवशाचा माणूस शोधून सापडला नसता. ठमीच्या आईने त्यांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते बुजले असते.

आता प्रश्न माणसांचा. तोही असा सुटला, की तिला स्वतःचाच हेवा वाटला! वर्गाची किल्ली आणायला ती खाली गेली, तेव्हा ड्रायव्हिंग मास्तर हळूच म्हणाले, "वहिनी, दर रविवारी तुमची गाणी जिन्यातून ऐकतो. आत यायचं मनात असतं. पण तिथलं काही येत नाही ना आपल्याला. उगाच चारचौघांत फजिती."

तिने कार्ड पुढे केलं. मास्तरांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "एवढंच? पुढच्या गाडीवर नजर ठेवायची, अंतर राखायचं आणि ती वळली की वळायचं. अहो, हे तर मी रोज शिकवतो! घरचे सगळे घेऊन येतो!"

घरचे सगळे म्हणजे बायको, दोन भाऊ, दोन भावजया, सासू, मेहुणी, तिचा नवरा, चार भाचे-भाच्या, सगळे कॉलेजातले, आणि वर शेजारच्या नर्सबाई. मास्तर धरून चौदा! एकोणीस अधिक चौदा, तेहेतीस! ठमीच्या आईने ही बेरीज तीनदा केली. संख्याशास्त्र शिकल्याचं इतकं सुख तिला पदवी घेतानाही झालं नव्हतं.

रविवार उजाडला. मास्तरांची पलटण दहा मिनिटं आधीच हजर! सगळ्यांनी कार्ड घेतलं, मागच्या दोन रांगा धरल्या आणि करड्या कोटावर अशी नजर रोखली, जशी मांजर उंदराच्या बिळावर रोखते. की-बोर्डवर नवरा बसला होता, मंडळीकडे पाठ करून, म्हणजे अडचणीच्या वेळी उपयोग शून्य. सासूबाई तिसऱ्या रांगेत.

बिशपसाहेब आले. उंच, गंभीर, जांभळ्या झग्यात. आणि त्यांच्या मागोमाग, दारातून आत येणारं कोण?

वॉर्डनकाका! आणि त्यांचं बोट!

"मी फक्त निरीक्षणाला आलोय," ते ठमीच्या आईला म्हणाले. बोलताना ते ठमीकडे बघत होते.

तेवढ्या एका क्षणात ठमीच्या आईचा हात सैल पडला. ठमी सुटली! मधल्या वाटेने तुरुतुरु पुढे गेली ती थेट करड्या कोटापाशी. आजोबा खाली वाकून म्हणाले, "काय ठमाबाई?" ठमीने हात वर केला, फूल खुडावं तसं काहीतरी खुडलं आणि उलट पावली पळत सुटली. इकडे मिरवणूक निघालेली, पाळकसाहेब पुढे, बिशपसाहेब मागे, त्यामुळे ठमीच्या आईला पुढे जाता येईना. ठमी खुर्च्यांखालून, दाराजवळ खिळ्याला टांगलेल्या दानाच्या मखमली पिशवीला लोंबकळून, मग परत आईपाशी.

"हात दाखव!" रिकामे. "तोंड उघड! जीभ वर कर!" तेही रिकामं. तिने दोनदा बघितलं. ती नेहमी दोनदा बघे. काही नाही म्हणून तिचा जीव भांड्यात पडला.

पहिलं गीत झोकात झालं. आजोबा उठले, चौदा जण उठले. आजोबा बसले, चौदा जण बसले. ठमीच्या आईची मान एक इंच उंच झाली.

मग पाळकसाहेब सूचना वाचू लागले. "पहिली सूचना. दुचाक्या जिन्याखाली लावू नयेत..."

आजोबांनी कानाला हात लावला. मग दुसऱ्या कानाला. मग खिशाला. मग मांडीवर बघितलं. आणि ठमीच्या आईला एकदम उमगलं, ठमीने काय खुडलं होतं ते!

आजोबांना पाळकसाहेब दिसत होते, पण ऐकू काही येत नव्हतं. मशीन पायाशी पडलं असेल असं वाटून ते सावकाश खुर्चीवरून उतरले आणि गुडघ्यांवर बसले.

"खाली!" मागून मास्तरांचा दबका हुकूम आला. चौदा जण धपाधप गुडघ्यांवर!

एकोणीस जुन्यांनी मागे वळून बघितलं. मग एकमेकांकडे बघितलं. सूचनांना गुडघे? असं तर कधी केलं नव्हतं. पण आज बिशपसाहेब आलेत. बिशपसाहेब आले की करत असतील! आणि पुढे खुद्द मुख्याध्यापक गुडघ्यांवर आहेत म्हणजे पद्धत असणारच. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "जुनी पद्धत आहे गं. हल्लीच्यांना माहीत नसते." शेजारीण चटकन खाली बसली. पाठोपाठ सगळी मंडळी.

राहिले वॉर्डनकाका. उपासनेतला एकही नियम आपल्याला माहीत नाही असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. आणि ही ड्रायव्हिंग स्कूलमधली मंडळी तो पाळतेय! त्यांच्या कपाळावर घाम आला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, गुडघा चोळला आणि 'मला तर हे पहिल्यापासून ठाऊक होतं' असा चेहरा करून तेही खाली बसले.

पाळकसाहेबांचा आवाज आपोआप बदलला. तेहेतीस माणसं गुडघे टेकून ऐकत असताना कोण सूचना साध्या सुरात वाचेल? "दुचाक्या..." त्यांनी डोळे मिटले, "जिन्याखाली... लावू नयेत..."

"आमेन!" चौदा आवाज घुमले. कुठेतरी आमेन म्हणायचं असतं एवढं मास्तरांनी ऐकलेलं होतं.

बिशपसाहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

तेवढ्यात आजोबा मशीन शोधत गुडघ्यांवरच दोन पावलं डावीकडे सरकले. मागच्या दोन्ही रांगा डावीकडे सरकल्या. आजोबांनी खुर्चीखाली डोकं घातलं. चौदा डोकी खुर्च्यांखाली! "अंतर ठेवा, अंतर!" मास्तर कुजबुजले, कारण मेहुणीच्या नवऱ्याचं डोकं नर्सबाईंच्या चपलेवर आपटलं होतं.

ठमीच्या आईने ठमीचे बूट काढले, मोजे झटकले, पर्स उलटी केली. पर्समधून तेरा वस्तू निघाल्या, मशीन नाही! "ठमे, आजोबांचं कुठे ठेवलंस?"

"नाई," ठमी म्हणाली. ठमीच्या भाषेत 'नाई'चे सात अर्थ होते आणि सातही तिच्या आईला माहीत होते. हा आठवा होता.

शोध निष्फळ ठरला तेव्हा आजोबा उठून खुर्चीवर बसले. शिस्तीचा माणूस. ऐकू आलं नाही म्हणून उपासना सोडायची? साठ वर्षांच्या सवयीवर आणि मनगटावरच्या घड्याळावर ते पुढे निघाले. आणि खरं सांगायचं तर धडे, स्तोत्र, शुभवर्तमान, सगळं बिनचूक पार पडलं. ठमीच्या आईने श्वास सोडला.

पण मग बिशपसाहेब उपदेशाला उभे राहिले.

बिशपसाहेबांचे उपदेश सात मुद्द्यांचे असत आणि प्रत्येक मुद्द्याला तीन पोटमुद्दे. पाऊण तासाच्या आत ते कधी संपल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. उलट आजोबांचा आयुष्यभराचा सिद्धान्त असा, की बाराव्या मिनिटानंतर शिकवलेलं कुणाच्या डोक्यात शिरत नाही. पाळकसाहेब त्यांचेच जुने विद्यार्थी, त्यामुळे इथला उपदेश दर रविवारी बारा मिनिटांचाच असे.

ठमीच्या आईने घड्याळ बघितलं. दहा मिनिटं झाली होती. बिशपसाहेब दुसऱ्या मुद्द्यात. अकरा. तिने मागून हातवारे केले, आजोबांची पाठ! साडेअकरा. तिने सासूबाईंना खूण केली. सासूबाईंनी ती खूण ठमीला भूक लागल्याची समजून एक बिस्किट मागे पाठवलं. बारा!

आजोबांनी मनगट बघितलं, समाधानाने मान हलवली आणि विश्वासाच्या कबुलीसाठी ताठ उभे राहिले.

"उठा!" मास्तर.

चौदा जण उठले. जुन्यांनी मागे बघितलं, पुढे बघितलं आणि आता त्यांना विचार करायचीही गरज राहिली नव्हती. सगळे उठले. वॉर्डनकाका तर या वेळी बाराव्या नंबरावर होते!

बिशपसाहेब तिसऱ्या मुद्द्याच्या पहिल्या पोटमुद्द्यात होते. "...आणि म्हणून प्रिय जनहो, आपण एकमेकांसाठी..." त्यांनी वर बघितलं. सबंध वर्ग उभा! त्यांनी हातातले कागद मिटले.

"सदतीस वर्षं," ते म्हणाले. "सदतीस वर्षं मी उपदेश करतोय. लोक बसून ऐकतात. काही झोपून ऐकतात. पण शब्दाच्या सन्मानार्थ... उत्स्फूर्त... नाही, मी आता आणखी काय बोलणार!"

आणि ते खरोखरच बोलले नाहीत. पाळकसाहेबांनी ती संधी साधून तत्काळ विश्वासाची कबुली सुरू केली. आजोबा बरोबर वेळेवर होते!

ठमीच्या आईला हसावं की रडावं कळेना. पण ती मनात हिशेब करत होती. दोन चुका, आणि दोन्हींतून मंडळी वर! हे असंच चाललं तर दुपारपर्यंत आपण बिशपांचं कॅथेड्रल होऊ!

तिला त्या वेळी दानाची पिशवी आठवली असती तर बरं झालं असतं.

पिशवी फिरली. लांब दांड्याची, जांभळ्या मखमलीची, तोंड अरुंद. सगळ्या रांगांतून फिरून ती पाळकसाहेबांकडे गेली आणि त्यांच्याकडून बिशपसाहेबांकडे. बिशपसाहेबांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरून वेदीपुढे वर उचलली.

"कुंईईईईई!"

बिशपसाहेब दचकले. पिशवी खाली आणली. आवाज बंद. त्यांनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेबांनी इंजिनाकडे बघितलं. बिशपसाहेबांनी पुन्हा पिशवी धरून वर उचलली.

"कुंईईईईईईई!"

"पाटी लावलीय ना वर!" मास्तरांना राहवलं नाही. बिशपसाहेबांच्या डोक्यावर लाल रेघेचा कर्णा शांतपणे लटकत होता.

कानाचं मशीन मुठीत घट्ट दाबलं की शिट्टी घालतं, हे ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्या सगळ्यांना माहीत आहे. ठमीच्या आईला तर एका क्षणात सगळी साखळी दिसली, कान, मूठ, खिळा, मखमल! तिने ठमीला कडेवर उचललं आणि ती उभी राहिली. आजोबा तेवढे पिशवीकडे कौतुकाने बघत बसले होते. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

"बिशपसाहेब," ती म्हणाली. "ते आजोबांच्या कानातलं मशीन आहे. माझ्या मुलीने काढलं आणि पिशवीत टाकलं. माझं लक्ष... आणि दुसरं असं, की मघाशी ते सगळे जे गुडघे..."

तिसऱ्या रांगेतून सासूबाईंचा हात मागे आला आणि तिच्या मनगटावर पक्का बसला. "पुरे," सासूबाई ओठ न हलवता म्हणाल्या. "मशीनपुरतंच सांग."

 आणि डाव्या बाजूला, हळूहळू ते वर उठलं.

बोट!

उठलं आणि दरवाजाकडे वळलं. ठमीच्या आईच्या पायांनी तिला विचारलंसुद्धा नाही, ते सवयीने चालू लागले. दीड वर्षाची सवय! दार, जिना, खाली लावू नयेत त्या दुचाक्या. म्हणजे पुन्हा पोर्चच की! एवढी बेरीज केली, एवढी कार्डं वाटली, आणि शेवटी आपण आपल्या पायांनी बाहेर! ठमीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिलाही ही वाट पाठ होती.

पुढे पाळकसाहेबांनी पिशवीतून मशीन काढून आजोबांच्या हातात दिलं आणि खुणेने ठमी दाखवली. आजोबांनी ते कानात बसवलं आणि ते उठले, तशी सगळी मंडळी उठली. ते मागे वळले आणि त्यांना दिसलं बोट, दिसलं दार, दिसली पाठमोरी ठमीची आई. शाळेच्या प्रार्थनेला सहाशे पोरांना गप्प करणारा तो आवाज साठ खुर्च्यांच्या वर्गात दणाणला.

"बाई! कुठे निघालात?"

ती थबकली. "बाहेर, आजोबा. हिला घेऊन."

"का? तिने काय केलं? माझं होतं नव्हतं ते काढून देवाला दान दिलं! एवढं दान आज इथे दुसऱ्या कुणी केलंय? वॉर्डनसाहेब, तुम्ही केलंय?"

बोट जरा वाकलं.

"चाळीस वर्षं शाळा चालवली मी. एका पोराला कधी वर्गाबाहेर उभं केलं नाही. बाहेर उभं राहिलेलं पोर शिकतं काय, तर बाहेर उभं राहायला! आणि पोराबरोबर त्याची आई बाहेर काढायची ही तर कुठल्याच शाळेत शिक्षा नाही. या. पुढे या. इथे माझ्या शेजारी बसा."

ती आली. पहिल्या रांगेत बसली. आजोबा बसले.

मागे चौदा जण बसले. मग एकोणीस. मग बिशपसाहेबसुद्धा बसले. उभं राहिलं ते फक्त बोट. त्याच्या लक्षात आलं की आपण एकटेच आहोत, तसं तेही हळूच खिशात गेलं.

प्रभुभोजन झालं, आशीर्वाद झाला. शेवटचं गीत तर असं उठलं, की की-बोर्डची दोन मुकी बटणं कुणाला जाणवलीच नाहीत. बिशपसाहेब जिन्यात थांबले. नर्सबाई, मास्तरांची सासू, भाचे, एकेकाचा हात हातात घेऊन बोलले. मग ठमीच्या आईपाशी आले.

"या नवीन लोकांना तुम्ही तयार केलंत? पहिल्याच दिवशी इतकी एकजूट? सूचनासुद्धा गुडघे टेकून ऐकणारी मंडळी मी आजवर पाहिली नव्हती. काय शिकवलंत यांना?"

ठमीच्या आईने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई जिन्याच्या भिंतीवरची 'पुढे वळण आहे'ची खूण वाचण्यात गढल्या होत्या.

"फार काही नाही," ती म्हणाली. "मोठ्यांकडे बघायला सांगितलं."

"वा!" बिशपसाहेब म्हणाले. "वा!"

आठ दिवसांनी त्यांचं पत्र आलं. मंडळी कायम! घरात ठमीला उचलून तीन गिरक्या झाल्या. नवऱ्याने आनंदाच्या भरात चक्क एक भांडं पुसलं. पत्रात खाली आणखी एक ओळ होती. 'सूचना गुडघे टेकून ऐकण्याची या मंडळीची नम्र प्रथा आम्ही सर्व चर्चना अनुकरणासाठी कळवत आहोत. मोठ्या चर्चमध्ये ती वॉर्डनसाहेबांच्या देखरेखीखाली याच रविवारी सुरू होईल.' मोठ्या चर्चच्या सूचना चार पानी असतात. वॉर्डनकाकांचे गुडघे पूर्वीपासूनच दुखरे. ठमीची आई हसली नाही. म्हणजे, चारचौघांत हसली नाही.

"बघा!" ती घरी म्हणाली. "एकही नवीन माणूस चुकीच्या वेळी उभा राहिला नाही. सगळे एकदमच उभे राहिले, मग चूक कुणाची म्हणणार? माझं नाव शाबूत आहे!"

पुढच्या रविवारी मास्तरांच्या पलटणीत सहा माणसं वाढली. वीस! वीसही जणांच्या हातात कार्ड. ठमीची आई दिमाखात पहिल्या रांगेत आजोबांशेजारी बसली. दीड वर्ष पोर्चमध्ये आणि मग सात महिने ठमीच्या मागे धावण्यात निसटलेला उपदेश आज ती पहिल्या शब्दापासून ऐकणार होती. 'म्हणून प्रिय जनहो' नेमकं कशामुळे, ते आज कळणार होतं! ठमी मांडीवर झोपली. सकाळ गार होती. आजोबांनी मायेने अंगातला करडा कोट काढून मायलेकींवर पांघरला. पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले. कोट उबदार होता. ठमी जड होती. आदल्या आठवड्यात एकूण झोप झाली होती, तिने ठेवलेल्या झोपेच्या तक्त्याप्रमाणे, सव्वीस तास...

तिला जाग आली ती शेवटच्या गीताला. तिची हनुवटी छातीवर होती आणि कोटाच्या कॉलरवर थोडी लाळ. ती चपापून उठली. आजूबाजूला लोक आळस देत होते.

मास्तर डोळे चोळत पुढे आले. गालावर खुर्चीच्या पाठीचा वळ उठला होता. त्यांच्या मागे एकोणीस जण, सगळे ताजेतवाने.

"वहिनी," ते भारावून म्हणाले, "गुडघ्यांचं जरा अवघड जातं आमच्या सासूबाईंना. पण आजचा तो मान खाली घालायचा लांब भाग होता ना, उपदेशाचा, तो आमच्या सगळ्यांना पहिल्या झटक्यात जमला!"